विश्लेषण : जुनी विंडोज, मोठी हार्ड डिस्क... ४ टीबीतली अर्धी जागा जाते कुठे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे व्यवस्थित चालणारे अनेक संगणक नव्या विंडोजसाठी अपात्र ठरले. अशा वेळी बरेच जण जुनाच संगणक आणि जुनीच विंडोज ठेवून फक्त मोठी हार्ड डिस्क बसवतात. मात्र ४ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच वापरता येतात, किंवा ३ टीबीची डिस्क चक्क ७४६ जीबीची दिसते. डिस्क सदोष निघाली असे समजून दुकानदाराशी वादही होतात. प्रत्यक्षात दोष बहुतेकदा डिस्कचा नसतो. जागा कमी दिसणे हा त्यातला सौम्य प्रकार. गंभीर प्रकारात साठवलेल्या फायलीच नष्ट होऊ शकतात.

जुनी विंडोज अजून कोणाला लागते?

कारण अनेकदा सॉफ्टवेअर असते. छपाई व्यवसायात पेजमेकर आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये तयार झालेल्या फायली, जुन्या स्कॅनरचे किंवा प्रयोगशाळेतील उपकरणांचे ड्रायव्हर, कारखान्यातील यंत्रे चालवणारे प्रोग्राम अशा गोष्टी नव्या विंडोजवर चालतीलच असे नाही. यंत्र बदलायचे तर खर्च मोठा. त्यामुळे एक्सपी किंवा विंडोज ७ कायम राहते. डिस्क मात्र झिजते आणि बदलावीच लागते.

डिस्कवरची जागा मोजतात कशी?

हार्ड डिस्कची जागा सेक्टर नावाच्या छोट्या खणांमध्ये विभागलेली असते. परंपरेने एक सेक्टर ५१२ बाइटचा. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो आणि फाइल लिहिताना किंवा वाचताना संगणक तो क्रमांक सांगतो. हा क्रमांक लिहायला किती बिट राखून ठेवले आहेत, यावर सगळे अवलंबून आहे. जुन्या स्कूटरचे मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, पण स्कूटर पुढे जातच राहते. संगणकाचेही तसेच. क्रमांकाचे घर भरले की तो एकतर पुढची जागा नाकारतो किंवा पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते ती यामुळेच. विंडोजच्या मोजणीत ३ टीबी म्हणजे २,७९४ जीबी. त्यातून २,०४८ वजा केले की ७४६ उरतात.

एक्सपीच्या काळातली १३७ जीबीची भिंत कोणती?

पूर्वी डिस्कशी बोलताना सेक्टर क्रमांकासाठी २८ बिट वापरले जात. त्यात सुमारे २६ कोटी ८४ लाख सेक्टर, म्हणजे १३७ जीबी मावतात. पुढे ४८ बिटची पद्धत आली, पण विंडोज एक्सपीची २००१ मधील मूळ आवृत्ती त्याआधीची होती. हा पाठिंबा २००२ मधील सर्व्हिस पॅक १ पासून मिळाला. विंडोज २००० मध्ये सर्व्हिस पॅक ३ शिवाय रजिस्ट्रीत वेगळी नोंदही करावी लागे. विंडोज ९८ च्या मूळ ड्रायव्हरमध्ये तो कधी आलाच नाही.

खरा धोका येथे आहे. मूळ एक्सपीच्या सीडीवरून मोठ्या डिस्कवर इन्स्टॉलेशन विनातक्रार पूर्ण होऊ शकते. डिस्कवर आधीच १३७ जीबीहून मोठे पार्टिशन असेल, तर विंडोज काही दिवस उत्तम चालते. माहिती सीमेपलीकडे जाऊ लागली की क्रमांक पुन्हा शून्याकडे वळतो आणि नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर लिहिली जाते. तेथेच विंडोजच्या आणि फाइल व्यवस्थेच्या महत्त्वाच्या नोंदी असतात. एखाद्या दिवशी संगणक सुरूच होत नाही, आणि तोवर जुन्या फायलींवर नव्या लिहिल्या गेलेल्या असतात.

मग २ टीबीची मर्यादा कशामुळे?

ही मर्यादा त्याहून जुनी आहे. डिस्कचे भाग कोठून कोठपर्यंत आहेत, याची नोंद डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ठेवण्याची एमबीआर ही पद्धत १९८३ मध्ये पीसी डॉस २.० सोबत आली. त्या वेळच्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची डिस्क होती. या नोंदीत सेक्टर क्रमांकासाठी ३२ बिट आहेत. ५१२ बाइटच्या सेक्टरनुसार ही मर्यादा २.२ टीबी, म्हणजे विंडोजच्या मोजणीत २,०४८ जीबी होते. पुढची जागा डिस्कवर असूनही तिचा पत्ता लिहिता येत नाही.

यावर उपाय म्हणून जीपीटी ही नवी पद्धत आली. तिच्यात क्रमांकासाठी ६४ बिट आहेत, विंडोजमध्ये १२८ पार्टिशन करता येतात आणि नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते. मात्र ३२ बिटच्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही.

क्लोन केल्यावर घोटाळा का होतो?

विंडोज १० च्या वापरकर्त्यांची गल्लत बहुतेकदा येथे होते. विंडोज १० ला ४ टीबीची डिस्क हाताळण्यात काहीच अडचण नाही. पण जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर एमबीआर असेल आणि तिचा हुबेहूब क्लोन नव्या डिस्कवर उतरवला, तर एमबीआरही सोबत येतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये मग २,०४८ जीबीपर्यंतचाच भाग वापरता येतो आणि उरलेले सुमारे १,६७८ जीबी ‘अनअलोकेटेड’ म्हणून पडून राहतात. डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील व्हॉल्युम्स टॅबमध्ये पाहिले, की डिस्क एमबीआर आहे की जीपीटी हे कळते.

सरळ जीपीटी करून इन्स्टॉल केले तर?

ते संगणकाच्या मदरबोर्डवर ठरते. विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होण्यासाठी जुन्या बायोसऐवजी यूईएफआय लागते आणि विंडोज ७ असेल तर ती ६४ बिटची लागते. बायोस पद्धतीने सुरू केलेला सेटअप जीपीटी डिस्क नाकारतो, तर यूईएफआय पद्धतीने सुरू केलेला सेटअप एमबीआर डिस्क नाकारतो. अशा वेळी डिस्क पुसण्याची घाई न करता पेन ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने सुरू झाला, हे आधी पाहावे.

विंडोज ७ ची आणखी अडचण अशी, की तिच्या सेटअपमध्ये यूएसबी ३ आणि एनव्हीएमई यांचे ड्रायव्हर नाहीत. नव्या मदरबोर्डवर माऊस व कीबोर्ड बंद पडतात किंवा डिस्कच दिसत नाही. शिवाय आजच्या मोठ्या डिस्कवर आतला सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, जे या मोठ्या खणांशी जुळत नाही. त्यामुळे लिहिण्याचा वेग घटतो. व्हिस्टापासून ही जुळणी आपोआप होते.

सुरक्षित मार्ग कोणता?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विंडोज आणि साठवण वेगळी ठेवणे. विंडोजसाठी २५६ किंवा ५०० जीबीची एसएसडी पुरते. मोठी डिस्क केवळ माहितीसाठी जीपीटी करून लावावी. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोज, संगणक जुन्या बायोसवर असला तरी, माहितीसाठीची जीपीटी डिस्क वापरू शकतात. फक्त तिच्यावरून सुरू होऊ शकत नाहीत.

मोठ्या डिस्कवरच विंडोज हवी असेल आणि मदरबोर्डला यूईएफआय असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन सोबत मिळते. ते माहिती न पुसता डिस्क बदलते, तरीही आधी बॅकअप घ्यायलाच हवा. एक्सपी अपरिहार्य असेल, तर सर्व्हिस पॅक ३ समाविष्ट असलेली सीडी आणि २ टीबीपेक्षा लहान डिस्क वापरावी. एखाद्या प्रोग्रामपुरतीच एक्सपी हवी असेल, तर नव्या संगणकातील व्हर्च्युअल मशीन हा अधिक बरा पर्याय आहे. बहुतेक वेळा त्यात डिस्क, बायोस आणि ड्रायव्हर हे तिन्ही प्रश्न सुटतात.

डिस्क नीट दिसली म्हणजे काम झाले का?

नाही. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हल्ला झाला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीही अपवाद म्हणून तातडीचे अपडेट द्यावे लागले. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाठिंबा संपलेल्या प्रणालीवरील एटीएम टप्प्याटप्प्याने बदलण्यास बँकांना सांगितले आणि त्यासाठी जून २०१९ ची मुदत दिली. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. विंडोज ७ किंवा एक्सपी चालवणारा संगणक मात्र इंटरनेटपासून दूर ठेवणे आणि त्यावर बँकेचे व्यवहार न करणे हेच शहाणपणाचे. मोठ्या डिस्कवर वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रे एकत्र येतात. त्यामुळे त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असल्याखेरीज इन्स्टॉलेशनला हात लावू नये.