मुखत्याराचें पत्र बासनांत कां?

दूरच्या पेठेंत माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढें दोन मार्ग असतात. अडत्यास केवळ भाव विचारावा व विक्रीचा हुकूम आपण द्यावा, हा एक; अमुक भावाखालीं विकूं नये एवढी मर्यादा घालून बाकीची मुखत्यारी त्यासच द्यावी, हा दुसरा. अडत्याचा ओढा आपल्या अडतीकडे असतो, सबब पहिला मार्ग सुरक्षित, असें प्रथमदर्शनीं वाटेल. पण तो सोयीचाच भाव कळविणार हें जाणून धनी त्याच्या शब्दांत वजावट करितो. हें ओळखून अडत्या पुढच्या खेपेस आणखी चढवून सांगतो. आणि या ओढाताणींत बाजाराची खरी खबर मधल्यामध्यें बुडते. म्हणून जाणत्याचा ओढा थोडा व ज्ञान मोठें असल्यास मर्यादित मुखत्यारीच किफायतीची, असा अर्थशास्त्राचा निष्कर्ष आहे. आमच्या पेढ्यांस तो शिकवावयास नको.

देशाच्या चलनाचीही गोष्ट हीच. सरकार हें सर्वांत मोठें ऋणको. व्याज स्वस्त असावें ही त्याची स्वाभाविक इच्छा. केनेथ रोगॉफ यांनीं 1985 सालीं असें प्रतिपादिलें, कीं ज्यास महागाईची धास्ती समाजाहून अधिक, त्याच्याच हातीं हा कारभार द्यावा. मात्र ती धास्ती बेसुमार नसावी. म्हणजे तज्ज्ञाचा कलही, ओळखून निवडल्यास, उपयोगीं पडतो. आमच्या येथें 2016 सालीं रिझर्व्ह बँकेच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन सहा जणांच्या समितीस व्याजदर ठरविण्याचा अधिकार मिळाला आणि महागाई शेंकडा 4, फार तर दोन इकडे वा तिकडे, अशी मर्यादा घालण्यांत आली. ही व्यवस्था आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु मुखत्यारी म्हटली कीं हिशेब आलाच. लागोपाठ तीन तिमाह्या मर्यादा ओलांडली गेल्यास बँकेनें कारणें, उपाय आणि लागणारा अवधि सरकारास लेखी कळवावा, असें कलम 45 झेडएन सांगतें. 2022 च्या पहिल्या तीन तिमाह्यांत महागाई शेंकडा 6 च्या वरच राहिली. मे 2022 मध्यें 4 असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50 वर गेला. कॅश क्रेडिटवर धंदा करणाऱ्यांनीं व घरासाठीं कर्ज काढणाऱ्यांनीं तो भार सोसला. नोव्हेंबर 2022 मध्यें बँकेचा खुलासा सरकारकडे रवाना झाला. तो लोकांस मात्र दाखविण्यांत आला नाहीं. कायद्यांत प्रसिद्धीची तरतूद नाहीं, हें उत्तर संसदेस मिळालें!

तरतूद नाहीं हें खरें. पण मनाई तरी कोठें आहे? खुलासा उघडा केल्यास बाजार बिथरेल, असें कोणी म्हणतात. मग समितीच्या प्रत्येक सभासदाचें मत चौदाव्या दिवशीं छापावें असें हाच कायदा कां फर्मावितो? इंग्लंडांत तर बँकेच्या गव्हर्नरानें चॅन्सेलरास लिहावयाचें असें पत्र खुलें असतें. तशा प्रकारचें पहिलें पत्र 2007 सालीं निघालें, व त्यामुळें लंडनच्या पेढ्या बुडाल्याचें ऐकिवांत नाहीं. ज्यांच्या कारभारांतील गुप्ततेविरुद्ध आमच्या वाडवडिलांनीं उभा जन्म झगडा केला, त्यांच्याकडून हा धडा घेण्याची पाळी यावी, हें लाजिरवाणें खरेंच.

आमची मागणी अल्प आहे. सदर कलमास एकच वाक्य जोडावें: हा अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांचे आंत सरकारनें तो संसदेपुढें ठेवावा.