विजयानंद: जॅक्सनच्या पलीकडे

नाशिकचे विजयानंद थिएटर शाळेच्या पुस्तकात एका वाक्यापुरते येते. २१ डिसेंबर १९०९ची रात्र, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्या. तेवढ्यावर धडा पुढे सरकतो. ज्या इमारतीत हे घडले तिचे काय, हे कोणी विचारत नाही. मला मात्र तो प्रश्न फार दिवसांपासून छळतो आहे.

आधी ती रात्र. जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘शारदा’चा प्रयोग ठरला होता. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचे लग्न लावू पाहणाऱ्या समाजावर देवलांनी लिहिलेले हे नाटक तेव्हा दहा वर्षांचे झाले होते. बालगंधर्व तेव्हा किर्लोस्कर मंडळीतच होते. संस्कृत जाणणाऱ्या जॅक्सन यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. पण त्याच वर्षी जूनमध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि त्या खटल्याची सुरुवात नाशिकच्या कलेक्टर कचेरीतूनच झाली होती. जॅक्सन आपल्या जागेकडे निघाले असताना कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. पिस्तुले लंडनहून आली होती, तो धागा पोलिसांनी पकडला आणि बाबारावांचे धाकटे भाऊ तात्याराव सावरकर यांना आधी अटक, मग अंदमान. नाशिकच्या एका नाटकगृहातून निघालेली वाट अशी थेट समुद्रापार गेली.

त्यानंतरचे विजयानंद मात्र पुस्तकात नाही. तिथे पुढे पडदा लागला आणि नाटकगृहाची टॉकीज झाली.

हे नुसत्या विजयानंदपुरते घडले नाही. नाटक मंडळ्या बसल्या, बोलपट आले आणि महाराष्ट्रभर कितीतरी नाटकगृहांनी सिनेमाला जागा दिली. नाशिकला तर याची चाहूल सगळ्यांत आधी लागायला हवी होती. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि त्यामागून ‘मोहिनी भस्मासुर’ नाशिकमध्येच केला. त्यातल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई नाटकाच्या रंगभूमीवरून आलेल्या. माणसे आधी नाटकातून सिनेमात आली, इमारती मागून आल्या.

इमारत बदलते म्हणजे काय, हे जुन्या टॉकीजच्या आत फिरलेल्याला कळते. रंगमंच पाडत नसत, त्याच्यापुढे पडदा ताणत. मागे विंगा, रंगपटाची खोली, सगळे तसेच अंधारात राही. समोरच्या टोकाला मात्र नवी बांधणी करावी लागे, ती ऑपरेटरच्या केबिनची. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. म्हणून केबिन न जळणाऱ्या सामानाची, प्रेक्षकांपासून तोडलेली हवी, असा सरकारी नियम होता. आत कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचा, एक रीळ संपत आले की दुसऱ्या मशीनवर खेळ न तुटता न्यायचा. हे काम करणारा ऑपरेटर गावातला कसबी माणूस होता. त्याचे नाव पोस्टरवर कधी आले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

नाशिक जिल्ह्यातल्याच आमच्या कळवणच्या बाजूलाही सिनेमाची ओढ कमी नव्हती. यात्रांतून तंबूचे सिनेमे गावोगाव फिरत. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा सुंदर माहितीपट २०१६ साली निघाला आणि कान महोत्सवापर्यंत पोहोचला. शेजारच्या मालेगावचे सिनेमावेड तर साऱ्या देशाला ठाऊक आहे. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून टॉकीजमध्ये शिरत, पडद्यावरच्या देवीला ओवाळत. सप्तशृंगी देवीच्या गडाच्या पायथ्याच्या माणसाला त्यात नवल वाटायचे कारण नाही. १९९१ला ‘माहेरची साडी’ने बायकांना घराबाहेर काढले. ज्या गावात बायका चारचौघांत मोकळेपणी बसत नसत, तिथे टॉकीज ही अंधारात का होईना, त्यांची हक्काची जागा झाली. हे सामाजिक काम मी फार मोठे मानतो.

आता माझा खरा मुद्दा. टॉकीजचा इतिहास फक्त म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे असे आपण धरून चालतो. तसे नाही. मुंबई चित्रपटगृह नियमन कायदा १९५३चा, पण परवान्याची पद्धत त्याहून जुनी. परवाना द्यायचा जिल्ह्याच्या कचेरीने. त्यासाठी इमारतीचा नकाशा, खुर्च्यांची संख्या, बाहेर पडायची दारे, केबिनची बांधणी, सगळे कागदावर द्यावे लागे. करमणूक कराचा हिशोबही तिथेच. म्हणजे विजयानंद असो की तालुक्याची एकपडदा टॉकीज, प्रत्येकीची जन्मपत्रिका सरकारी दप्तरात बांधली गेली. २०१७च्या जुलैत तिकिटावरचा राज्याचा करमणूक कर जीएसटीत विरला. ज्या कामासाठी ती दप्तरे ठेवली जात ते कामच संपले, की रद्दीची वाट फार लांब नसते.

म्हणून दोन विनंत्या. नाशिकच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातल्या चित्रपटगृहांच्या परवान्यांच्या फायली मागून वाचाव्यात, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि पहिली फाईल विजयानंदची शोधावी. आणि कळवण, अभोणा, सटाणा, मालेगावच्या वाचकांनो, तुमच्याकडे टॉकीजची हँडबिले, तिकिटांची पुस्तके, उद्घाटनाचे फोटो असतील, तर ती घरात कुजू देऊ नका. १८४०पासून चालत आलेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आहे, तुमच्या तालुक्याचे वाचनालय आहे. तिथे नेऊन द्या, आणि सोबत त्या टॉकीजच्या ऑपरेटरचे नावही लिहून द्या.