निष्ठेला किती गुण?

आम्हा विद्यार्थ्यांचा गुणांशी जन्माचा संबंध. दहावीला पस्तीस मिळाले की सुटका, कॉलेजात चाळीस मिळाले की सुटका. पण कुठे जाऊन झोपले, जेवले आणि पैसे भरले की त्याचेही गुण मिळतात आणि ते साठवता येतात, हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. इंग्रजीत त्यांना पॉइंट म्हणतात आणि त्या सगळ्या व्यवस्थेला लॉयल्टी प्रोग्रॅम. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. आपल्याकडे निष्ठा म्हटली की वारकरी आठवतो, गडावरचा मावळा आठवतो. इथे ती हॉटेलच्या बिलाशी जोडलेली आहे. या निष्ठेचा लाभ प्रस्तुत लेखिकेने एक रात्र स्वतः घेतला आहे. तेव्हा जे लिहिते ते बाहेरून पाहून लिहीत नाही, हे आधीच सांगते.

माझा चुलतभाऊ आमच्या घरातला पहिला नोकरदार. डिप्लोमा करून नाशिकच्या एका कारखान्यात लागला. कारखाना जी यंत्रे विकतो, ती बसवायला आणि बिघडली तर दुरुस्त करायला तो महिन्यातले दहा-बारा दिवस परगावी असतो. बरोबर बऱ्याचदा परदेशी इंजिनियर असतात, म्हणून कंपनी त्यालाही त्यांच्याच मोठ्या हॉटेलात उतरवते. बिल कंपनी भरते. पॉइंट मात्र भावाच्या नावावर जमा होतात. असे दोन-तीन वर्षांचे साठले, तेव्हा तो भाताची लावणी उरकल्यावर घरी आला आणि आईला म्हणाला, "काकू, तुला समुद्र दाखवतो. राहायचं मोठ्या हॉटेलात, आणि पैसा एकही द्यायचा नाही."

आईला समुद्राचे आकर्षण होते. "पैसा द्यायचा नाही" याची मात्र तिला शंका आली. "फुकट कोण ठिवतं रे?" असे ती घोटी ते कसारा जीपमध्ये आणि पुढे लोकलमध्ये मिळून चार वेळा म्हणाली.

हॉटेलचे नाव येथे महत्त्वाचे नाही. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायचे होते आणि खोली नियमाप्रमाणे तीन वाजता मिळायची होती. काउंटरपुढे आमच्या आधी एक वयस्कर जोडपे उभे होते. गृहस्थ निवृत्त शिक्षक असावेत असे मला वाटले. खिशाला पेन होते आणि बोलणे जपून होते. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मुलीने खोली घेऊन दिली होती, असे ते काउंटरवरच्या मुलीला सांगत होते. तिने हसून, अगदी आदराने सांगितले, की खोली तीन वाजता तयार होईल, तोवर बसावे. ते बसले. मग भावाने आपला नंबर सांगितला. मुलीने पडद्यावर पाहिले आणि तिचा स्वर बदलला. भावाला तिने आडनावाने संबोधले, पुन्हा आल्याबद्दल आभार मानले, आणि आम्हाला तीन थंड पेले आले. खोली लगेच तयार होती, शिवाय ठरल्यापेक्षा दोन मजले वरची आणि समुद्राच्या बाजूची.

लिफ्टमध्ये आई म्हणाली, "ते म्हातारे तर आपल्या आधी आले व्हते ना?"

भाऊ म्हणाला, "काकू, आपलं कार्ड वरचं आहे."

तो प्रसंग मला अजून छळतो, आणि या लेखाचे कारणही तोच आहे. रांगेत मागे राहण्याची आम्हाला सवय आहे. दाखल्यासाठी, रेशनसाठी, दवाखान्यात, कुठेही आमच्या घरची माणसे आधी येऊन बसतात आणि ओळखीचा माणूस मागून येऊन पुढे जातो. वडील त्यावर चडफडतात आणि मी वक्तृत्वस्पर्धेत त्यावर भाषणे केली आहेत. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी मागून येऊन पुढे गेले. खरे सांगायचे तर मला ते आवडले. इतके आवडले की खोलीत जाऊन मी खिडकीशी उभी राहून समुद्र बघत होते आणि ते जोडपे माझ्या मनातून पार गेले होते. आईने काढले नसते तर पुन्हा आलेही नसते.

खोलीचे वर्णन करायला हवे, कारण वाचकांपैकी बहुतेक माझ्यासारखेच असतील. गादी अशी की आई काठावरच बसली. न्हाणीघरात आंघोळीसाठी पांढरे टब, त्यात आमच्या घरचे दोन दिवसांचे पाणी मावले असते. आईने विचारले, "एवढं पाणी येतं कुठनं?" भाऊ हसून म्हणाला, "आपल्याकडनंच!" ती थट्टा नव्हती. अप्पर वैतरणा धरण आपल्या इगतपुरी तालुक्यात आहे आणि १९७३ पासून त्याचे पाणी मुंबईला जाते. तानसा, भातसा यांचेही त्यात मिसळते, तेव्हा टबातले नेमके किती आपले हे सांगता येणार नाही. आपल्याच तालुक्यातल्या काही वाड्यापाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात, हे मात्र येथे कुणाला सांगायला नको. इतकी वर्षे पाणी देणाऱ्यांचे निष्ठेचे खाते कुणी उघडल्याचे ऐकिवात नाही. असो. विषयांतर झाले.

तर हे गुण मिळतात कसे? सुरुवात विमान कंपन्यांनी केली. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी आपली योजना काढली. जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर, आणि पुरेसे साठले की तिकीट. हॉटेलांनी दोन वर्षांतच ती उचलली. हॉलिडे इन आणि मॅरियट या दोघांच्या योजना १९८३ च्या. आज मॅरियटचा हिशेब असा, की वर्षात पंचवीस रात्री काढल्या तर तुम्ही सोन्याचे, पन्नास काढल्या तर प्लॅटिनमचे, पंच्याहत्तर काढल्या तर टिटॅनियमचे. त्याच्याही वर एक पायरी आहे. तिला शंभर रात्री लागतात आणि वर तेवीस हजार डॉलरचा खर्च. सोन्याला खोली दोनपर्यंत ठेवता येते, प्लॅटिनमला चारपर्यंत. आपल्याकडे टाटांनी एप्रिल २०२२ मध्ये टाटा न्यू काढले. त्यात एक नाणे म्हणजे एक रुपया, आणि किराणा, औषधे, हॉटेल सगळे एकाच खात्यात. वर्गात आपण वर्णव्यवस्थेवर टिपणे लिहितो. ही धातूंची उतरंड मात्र माणूस स्वतः पैसे भरून चढतो आणि वर्षभर फिरकला नाही तर खाली येतो. तेवढा फरक मान्य करायला हवा.

आता पॉइंट कुणाचे? रात्री गेटवेवरून परत आल्यावर मी भावाला सरळ विचारले. पैसे कंपनीचे, मग बक्षीस तुझे कसे? त्याचे उत्तर मला अजून पूर्ण खोडता आलेले नाही. तो म्हणाला, "बिल कंपनीनं भरलं, पण रात्र माझी गेली. पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हा मी चेन्नईला होतो. त्याचा भत्ता कुठे मिळतो?" यात न्याय आहे. परगावच्या रात्रीची किंमत पगारात धरलेली नसते, आणि ती अशा आडवाटेने मिळत असेल तर त्याच्यावर बोट रोखणारी मी कोण? शिवाय त्या पॉइंटवर माझी आई झोपली.

तरीही प्रश्न उरतो. २००२ साली जर्मनीत याच गोष्टीवरून मोठे वादळ झाले. खासदार असताना सरकारी कामाच्या विमानप्रवासात साठलेले मैल खाजगी प्रवासाला वापरल्यावरून ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाच्या प्रवासात मिळवलेले मैल पुन्हा सरकारी प्रवासालाच वापरावेत, असा आदेश आहे. खाजगी कंपन्या याकडे काणाडोळा करतात, कारण नोकर खूश राहतो आणि त्यांना वेगळे काही द्यावे लागत नाही. खोदून विचारल्यावर भावाने कबूल केले, की कंपनीच्या मर्यादेत बसणारी दोन हॉटेले असली तर तो स्वस्त हॉटेल सोडून पॉइंट देणारे निवडतो. अर्थशास्त्राच्या सरांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडेल. निवडणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि बक्षीस निवडणाऱ्याला!

आणि पैसे देणारा फक्त कंपनीच असती तर मी एवढे लिहिले नसते. फुकटची खोली आभाळातून पडत नाही. तिचा खर्च हॉटेल कुठेतरी भरून काढणार, आणि तो सगळ्यांच्या भाड्यातूनच निघणार. म्हणजे वर्षातून, किंवा पन्नास वर्षांतून, एकदाच येणारा जो पाहुणा पूर्ण भाडे आणि साडेसात हजारांवर भाडे गेले की त्यावर अठरा टक्के कर भरतो, तो नेहमी येणाऱ्याच्या बक्षिसाला हातभार लावतो. त्या दिवशी खालच्या सोफ्यावर बसलेल्या जोडप्याच्या मुलीने स्वतःच्या खिशातून पैसे भरले होते. आम्ही एक रुपया भरला नव्हता.

कुणी म्हणेल, घोटीच्या बाजारपेठेत काय वेगळे आहे? जुन्या गिऱ्हाइकाला वाणी मापावर शीग देतोच, उधारीही देतो. देतो, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. पण तो ती शीग आईच्या तोंडाकडे बघून देतो. घरात आजारपण आहे, यंदा भात पाण्यात गेले, हे त्याला माहीत असते. ती शीग मोजलेली नसते. नवे गिऱ्हाईक आले तर त्याला तो दुकानाबाहेर तीन तास बसवूनही ठेवत नाही. (उधारीच्या वहीत तो काय काय लिहितो हा वेगळा विषय आहे. वाणी संत असतो असे मला सुचवायचे नाही.) हॉटेलातल्या मुलीने भावाचे आभार मानले ते पडद्यावर वाचून. पडदा बंद पडला असता तर आम्हीही सोफ्यावर बसलो असतो, आणि पायांतल्या चपलांकडे पाहता जरा कोपऱ्यातल्याच.

निष्ठा या शब्दालाही माझी हरकत आहे. गेटवेवरून ताज दिसले तेव्हा आई थबकली. टीव्हीवर आग लागलेली पाहिले होते ते हेच, असे तिने विचारले. ते १९०३ च्या डिसेंबरात उघडले आणि २६ नोव्हेंबर २००८ ला त्यात अतिरेकी शिरले. मी तेव्हा दोन वर्षांची होते. पुढे वाचले, की त्या रात्री तिथल्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना लपवले, धीर दिला, मागच्या वाटांनी बाहेर काढले, आणि त्यांतले काही, स्वयंपाकघरातली माणसेही, स्वतः मारले गेली. कुठल्या पाहुण्याचे कार्ड कुठल्या धातूचे आहे हे त्यांनी तेव्हा विचारले नसणार. हॉटेलात निष्ठा असतेच, पण ती काउंटरच्या अलीकडे पैसे भरणाऱ्याची नव्हे.

आमच्या खोलीत सकाळी जो मुलगा चादरी बदलायला आला, त्याला आईने विचारले, "कुठला रे बाळा?" तो अकोले तालुक्यातला निघाला, म्हणजे डोंगर ओलांडला की आपला शेजारी. कंत्राटावर होता. आईने त्याच्या येण्याआधीच अंथरूण झटकून, चादरीची घडी घालून ठेवली होती. तो गोंधळला आणि म्हणाला, "मावशी, हे माझं काम आहे, वरचे मला बोलतील." मग आईने पिशवीतले चुरमुरे आणि इंद्रायणीची पुरचुंडी त्याला दिली. त्याच्या रात्रींचे वर्षाकाठी किती पॉइंट होत असतील, हे मी भावाला विचारले नाही. तो आधीच माझ्या प्रश्नांनी वैतागला होता.

माझे म्हणणे थोडके आहे. पॉइंट असोत. जुन्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी भाड्यात सूट मिळाली तर कुणाचे पोट दुखू नये. कामाच्या पैशावर साठलेल्या पॉइंटांचा मालक कोण, हे कंपनीने नोकराला आधी लेखी सांगावे, आणि परगावच्या रात्रींचा सरळ भत्ता द्यावा. पण रांग, पाण्याचा पेला, आणि "या, बसा" एवढ्या तीन गोष्टी पायऱ्यांवर ठेवू नयेत. खोली रिकामी आणि स्वच्छ असेल तर ती आधी आलेल्याला मिळावी, आणि आधी आलेला सत्तरीचा असेल तर त्यावर चर्चाही नको. हे मी केवळ मुंबईच्या हॉटेलांसाठी म्हणत नाही. महामार्गाच्या कडेने, धरणांच्या काठाने आपल्या तालुक्यात रिसॉर्टे झाली आहेत. या कॉलेजातले काही जण सुटीत तिथे कामाला जातात, आणि उद्या काउंटरवर बसतील ते आपल्यातलेच असतील. पडद्यावर धातूचे नाव दिसल्यावर आवाज बदलायचा की नाही, हे त्यांच्यापुढे येणारच आहे.

त्या जोडप्याला खोली किती वाजता मिळाली, मला माहीत नाही. संध्याकाळी खाली आलो तेव्हा सोफा रिकामा होता.

हा लेख मी छापायला देण्यापूर्वी भावाला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नको. आणि दिवाळीनंतर काकूला गोव्याला न्यायचंय, तेवढे पॉइंट शिल्लक आहेत. तू येणार आहेस की नाही, ते आत्ताच सांग." मी अजून सांगितलेले नाही.