ढगांआडचे ग्रहण

४ डिसेंबर २०२१ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी कित्येक प्रवासी लहान जहाजांतून अंटार्क्टिकाच्या वाटेवरील स्कोशिया समुद्रात पोचले होते. जहाजाचा लाभ उघड आहे: ढग आले तर जागा बदलता येते. तरीही त्या दिवशी अनेक जहाजांवरचे आकाश झाकलेलेच राहिले. दोन मिनिटांहून कमी वेळ काळोख झाला; सूर्य दिसला नाही.

मग तो प्रवास वाया गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. २९ जून १९२७ च्या ग्रहणासाठी व्हर्जिनिया वुल्फ रात्रीच्या आगगाडीने यॉर्कशायरला गेल्या. तिथेही ढग होते आणि खग्रास स्थिती अर्ध्या मिनिटाहूनही कमी होती. त्यांची रोजनिशी लक्षात राहते ती सूर्यबिंबापेक्षा पृथ्वीवरून निघून गेलेल्या रंगांमुळे.

आपली प्रवासवर्णने बहुधा 'काय पाहिले' याच हिशेबात रमतात. ग्रहण मात्र पाण्यावर, बर्फावर आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरही घडते. त्यासाठी निरभ्र आकाश लागत नाही, तयार नजर लागते. जे दिसले नाही त्याविषयी नेमके लिहिता येणे, ही प्रवासवर्णनाची अधिक कठीण कसोटी आहे, असे आमचे मत आहे.