परदेशातील अभियांत्रिकी शिक्षणाच्या कर्जासाठी तारणाची अट शिथिल करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मुंबई उपनगर जिल्हा,
प्रशासकीय इमारत, शासकीय वसाहत, वांद्रे (पूर्व), मुंबई

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. मंत्री, अल्पसंख्याक विकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : गोवंडी परिसरातील विद्यार्थ्यांना परदेशातील उच्च अभियांत्रिकी शिक्षणासाठी शासनाच्या हमीवर कर्ज मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी आणि गोवंडी स्थानक परिसरातील पालक व विद्यार्थी आहोत. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेचा आमचा एम पूर्व विभाग शहरात सर्वांत शेवटी होता. त्याच विभागातली मुले-मुली आज मेकॅनिकल, कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्सच्या पदव्या घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांतल्या काहींना जर्मनीत पदव्युत्तर प्रवेश मिळतो. प्रवेशपत्र हाती आल्यावर पैशाचे काय, हा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेकांचे तिथेच अडते.

जर्मनीच का, असे आपण विचाराल. अमेरिका किंवा इंग्लंडची फी आमच्या आवाक्यातलीच नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही आता शुल्क लावले आहे, पण बाकी बहुतेक ठिकाणी केवळ सत्रवर्गणी भरावी लागते. तरीही व्हिसा हवा असेल तर वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो आधी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ या राखीव खात्यात दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे बारा लाख होतात. त्याशिवाय कागदपत्रांच्या पडताळणीच्या एपीएस प्रमाणपत्राचे 18,000 रुपये, भाषेची परीक्षा, व्हिसाचे शुल्क, विमानाचे तिकीट आणि तिथल्या खोलीची अनामत. म्हणजे ‘मोफत’ शिक्षणासाठी घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच तेरा-चौदा लाख उभे करायचे.

बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत तारणाविना साडेसात लाखांपर्यंतच कर्ज मिळते. चार लाखांच्या वर गेले की परदेशी शिक्षणासाठी 15 टक्के रक्कम घरच्यांनी घालायची. साडेसात लाखांच्या पुढे मालमत्ता तारण ठेवायची. काही बँका निवडक नामांकित विद्यापीठांसाठी तारणाविना मोठे कर्ज देतात, पण तिथे सहकर्जदाराची आयकर विवरणपत्रे लागतात. जरीच्या कारखान्यात नगावर मजुरी घेणारा, भंगार वेचून विकणारा किंवा रिक्षा चालवणारा बाप ती कुठून आणणार?

आमच्यातल्याच एका मुलीचे उदाहरण देतो. वडील जरीकाम करतात. तिला प्रवेश मिळाला, तेव्हा दोघे एका बँकेच्या शाखेत गेले. सोबत झोपडीचा फोटोपास, वीजबिल, रेशनकार्ड, आधार, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावून नेले होते. अधिकाऱ्यांनी फोटोपास उलटसुलट करून पाहिला आणि प्रॉपर्टी कार्ड आणायला सांगितले. बैंगनवाडीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीचे प्रॉपर्टी कार्ड निघत नाही, कारण खालची जमीन आमच्या नावावर नाही. खोली वडिलांनी स्वतः बांधली आहे, वर माळाही काढला आहे, पण बँकेच्या लेखी तिची किंमत शून्य. अर्ज नाकारल्याचे लेखी कारण शेवटपर्यंत मिळाले नाही. प्रकल्पग्रस्त म्हणून इमारतीत गेलेल्या कुटुंबांचीही सुटका नाही. त्यांच्या सदनिका ठरावीक वर्षे हस्तांतरित करता येत नाहीत, त्यामुळे बँक त्याही धरत नाही.

पूर्वी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना होती. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर परतफेड सुरू होईपर्यंतचे व्याज सरकार भरत असे. 2022-23 पासून ती बंद झाली. 2024 मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना देशातल्या संस्थांपुरतीच आहे. राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्यांच्या जागा मोजक्या आहेत आणि त्यांना जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठाची अट आहे. परिणाम असा होतो की लाखो रुपये फी घेणाऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळवणारा पात्र ठरतो आणि जर्मनीतल्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात बिनफीचा प्रवेश मिळवणारी मुलगी अपात्र ठरते. सरकारचा कमी पैसा जिथे लागेल, तिथेच मदत नाही, हे आम्हाला समजत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. संस्थानाने त्यांच्याकडे घर-जमीन मागितली नाही. परत आल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. सरकारने विद्यार्थ्याच्या भावी कामावर विश्वास ठेवायचा, ही रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. आम्हीही करार लिहून द्यायला तयार आहोत.

म्हणून आमची मुख्य मागणी ही की साडेसात लाखांपासून पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाला मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत राज्य शासनाने हमी द्यावी आणि फोटोपासधारक व पुनर्वसित कुटुंबांकडून तारण मागू नये. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम बँकेने थेट त्या खात्यात भरावी. व्हिसा नाकारला गेल्यास ती परत मिळते, तेव्हा त्या टप्प्यावर बँकेचा धोका नगण्य आहे. ‘पढो परदेश’ पुन्हा सुरू करण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी आणि तोवर व्याजाचा भार स्वतः उचलावा. शिष्यवृत्तीच्या क्रमवारीच्या अटीतून बिनफीची सरकारी विद्यापीठे वगळावीत.

आपल्या अधिकारातली एक गोष्ट मात्र लगेच होऊ शकते. जिल्ह्यातील बँकांच्या पुढच्या आढावा बैठकीत एम पूर्व विभागातून आलेले शैक्षणिक कर्जाचे अर्ज, मंजुरी आणि नकार यांची शाखानिहाय माहिती मागवावी आणि प्रत्येक नकाराचे कारण अर्जदाराला लेखी देण्याचे निर्देश द्यावेत.

जर्मनीतले हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि व्हिसाच्या भेटीची तारीख मिळायलाच वेळ लागतो. त्यामुळे आपण आमच्या प्रतिनिधींना लवकरात लवकर भेटीची वेळ द्यावी आणि या निवेदनावर झालेली कार्यवाही लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
गोवंडी परिसरातील पालक व विद्यार्थी

सोबत : सह्यांची यादी, प्रवेशपत्रांच्या छायाप्रती