बोट कुणालाही लागते

मराठवाड्याच्या माणसाला दर्या सोसत नाही, अशा आशयाचं पत्र गेल्या अंकात वाचलं. ते मुळीच पटलं नाही. डार्विन 1831 ते 1836 'बीगल' जहाजावर होता. त्यालाही शेवटपर्यंत बोट लागत राहिली. आतल्या कानाला हेलकावे कळतात, डोळ्यांना समोरची फळी स्थिर दिसते. या विसंगतीने मळमळतं. यात गावाचा काय दोष?

उपाशीपोटी बसा, हा त्या पत्रलेखकाचा सल्ला तर उलटाच. निघण्याआधी थोडी भाकरी किंवा बिस्किटं खावीत, तेलकट-तिखट टाळावं. आमच्या उमरीकडची मंडळी मालवणला गेली की हौसेने गळ टाकायला होडीत बसतात. खरा त्रास होडी थांबल्यावर होतो. इंजिन बंद करताच ती आडवी डुलू लागते, डिझेलचा वास साचतो आणि मान खाली घालून गळाला कोळंबी लावायची असते. तेव्हा गळ सरळ सोबत्याच्या हाती द्यावा, होडीच्या मध्यावर बसावं आणि क्षितिजाकडे बघत राहावं.

मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा उलटून पडते. प्रोमेथाझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्यावी. तिने झोप येते, म्हणून त्या दिवशी दारू नको, गाडी चालवणंही नको. दोन वर्षांखालच्या लेकरांना तर ती अजिबात देऊ नये.

– एक वाचक, उमरी (जि. नांदेड)