ऑपरेशनच्या टेबलावरची यादी

वाण्याकडे जाताना गृहिणी यादी नेते. हळद संपली आहे हे तिला ठाऊक नसते असे नाही. पण दुकानात शेजारीण भेटते, गप्पा रंगतात आणि नेमकी हळदच राहून जाते. वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या निष्णात सर्जनचेही असेच होते, असे कुणी म्हटले तर डॉक्टरमंडळींना राग येईल. पण असे म्हणणारा स्वतः सर्जनच आहे, आणि त्याचे मूळ आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आहे.

डॉ. अतुल गावंडे यांनी अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात सर्जन म्हणून काम केले. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे उटी गावचे. मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून ते अमेरिकेत स्थिरावले, पण गाव विसरले नाहीत. उमरखेडला त्यांनी आपल्या आईच्या, गोपिकाबाईंच्या नावाने महाविद्यालय उभे केले.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेतले मृत्यू कमी करण्याचे काम अतुल गावंडे यांच्या गटाकडे सोपवले, तेव्हा नवे यंत्र किंवा नवे औषध पुढे येईल असेच कुणालाही वाटले असते. पुढे आला तो एक कागद. त्यावर होत्या १९ गोष्टी आणि थांबण्याच्या तीन जागा: भूल देण्याआधी, कातडीवर सुरी टेकवण्याआधी आणि रोगी थिएटरबाहेर जाण्याआधी.

कागदावर जगावेगळे काहीच नव्हते. रोगी तोच आहे ना? ऑपरेशन कोणत्या बाजूचे? एखाद्या औषधाची ॲलर्जी? जास्त रक्तस्राव होण्याचा संभव असेल तर रक्ताची सोय झाली आहे का? अँटिबायोटिक गेल्या एका तासात दिले का? शेवटी सुया, कापसाचे बोळे आणि हत्यारे मोजून पुरी भरली का? हे सगळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. चूक अज्ञानाने होत नाही, घाईने होते. दिवसाला सात-आठ केसेस उरकणाऱ्या थिएटरमध्ये तर फारच सहज होते.

२००७-०८ मध्ये जगातल्या आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. टोरांटो, लंडन, मनिला, टांझानियातले इफाकारा यांच्याबरोबर आपली नवी दिल्लीही त्यात होती. तिथले रुग्णालय होते सेंट स्टीफन्स. यादी येण्याआधीचे ३,७३३ रोगी आणि नंतरचे ३,९५५ रोगी यांची तुलना झाली. गंभीर गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली आणि मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. जवळजवळ निम्मे!

यादीतली एक गोष्ट मात्र अनेकांना खटकली. सुरी लावण्याआधी थिएटरमधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. रोज भेटणाऱ्या माणसांनी एकमेकांना नावे काय सांगायची? पण मोठ्या रुग्णालयात रोज तीच माणसे कुठे असतात? शिवाय आपल्याकडे सर्जन बोलतात आणि बाकीचे ऐकतात. एकदा ज्याचे तोंड उघडले तो पुढेही बोलतो, असा गावंडे यांचा मुद्दा आहे. 'सर, एक बोळा कमी भरतोय,' हे नवख्या सिस्टरने वेळेवर म्हटले तर रोग्याचे दुसरे ऑपरेशन टळते. मग वेळ वाचला की वाया गेला?

तरीही काही जणांना यादी वेळखाऊ वाटली. त्याच प्रयोगातल्या डॉक्टर-सिस्टरांना विचारले तेव्हा पाचातला एक असे म्हणाला. मग दुसरा प्रश्न आला: उद्या तुमचेच ऑपरेशन असेल तर यादी वापरावी का? १०० पैकी ९३ जणांचे उत्तर होते, हो.

पण कागद म्हणजे गंडा-ताईत नव्हे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने यादी सक्तीची केली. २०१४ साली तिथल्या १०१ रुग्णालयांचा हिशेब आला तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. गाझियाबाद ज्या राज्यात येते त्या उत्तर प्रदेशातला अनुभव तर आणखी बोलका आहे. तिथल्या १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्या ठिकाणी बाळंतपणासाठी अशीच यादी दिली आणि ती वापरायला शिकवणारी माणसेही आठ महिने पाठवली. शिकवणारे वरचेवर येत होते तेव्हा, दोन महिन्यांनंतर, आवश्यक कामांपैकी सुमारे ७३ टक्के होऊ लागली. यादी नसलेल्या ठिकाणी ४२ टक्केच होत होती. शिकवणाऱ्यांच्या फेऱ्या आधी विरळ झाल्या, मग थांबल्या, आणि वर्षभराने पहिला आकडा ६२ वर घसरला. २०१७ साली निकाल आला. काम सुधारले होते, पण माता-बालकांचे मृत्यू आणि मातांची गंभीर गुंतागुंत मिळून आकडा दोन्हीकडे १५ टक्क्यांच्या आसपासच राहिला. हात धुतले की नाही हे कागद विचारू शकतो; रक्ताची बाटली, अनुभवी डॉक्टर आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी तो आणू शकत नाही. यादीवर खूण केली की जबाबदारी संपली असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

घरच्यांना यात करण्यासारखे बरेच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एका कागदावर रोग्याचे पूर्ण नाव, चालू औषधे, न सोसणारी औषधे आणि आधीची ऑपरेशने लिहून सिस्टरकडे द्या. उजवा-डावा प्रश्न असेल तर डॉक्टरांनी त्या बाजूला शाईची खूण केली का, ते पाहा. 'तुमच्याकडे सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी वापरतात का?' हे डॉक्टरांना सरळ विचारा. आणि थिएटरच्या दारात रोग्याला तिसऱ्यांदा नाव विचारले तर 'किती वेळा सांगायचे?' असे म्हणून चिडू नका, चौथ्यांदाही सांगा.